हात गुडघ्यावर

तांबोळी भाऊसाहेब कुठल्याही कॉम्प्युटरसमोर बसले की आधी त्याचा माऊस उपटायचे. वायरीचा हाताने माग काढत मशीनच्या मागे जायचे, पिन ओढायचे, वायर माऊसभोवती गुंडाळायचे आणि ते गाठोडं ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर धाडकन लावायचे. ज्याचं टेबल असेल तो मागे उभा राहून म्हणायचा, "राहू द्या ना भाऊसाहेब, कुठं आडवा येतोय तो." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मला आडवाच येतो. तुमचं झालं की तुम्ही लावून घ्या. तुम्हाला पिन दिसती."

ते जन्मापासून आंधळे होते. हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण तो त्यांचा होता. ऑफिसच्या कागदांवर आधी 'अपंग' असायचं, मग 'दिव्यांग' आलं. पहिल्यांदा ते वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "दिव्य काही नको. अंग हाय तेवढं नीट वापरू दिलं तरी पुरे."

आमचं कॉलेज घोडेगावच्या पुढे, हायवेपासून थोडं आत. भाऊसाहेब नगरला झेंडीगेटच्या बाजूला राहायचे आणि रोज एसटीने यायचे. बाजाराच्या दिवशी घोडेगावात म्हशींचे टेम्पो रस्ताभर उभे, गाडी तासभर हलायची नाही. मग ते ऑफिसात शिरायचे ते रागाने लाल होऊनच. शनिवारी वेगळा त्रास. गाडी शिंगणापूरच्या भाविकांनी भरलेली असायची. एकदा फाट्यावर ते उतरले, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी, हातात पांढरी काठी. कुणा भाविकाने त्यांच्या तळहातावर नाणं ठेवलं. भाऊसाहेबांनी ते बोटांनी चाचपलं आणि त्या माणसाचा हात धरून परत त्याच्याच मुठीत कोंबलं. म्हणाले, "मी कॉलेजात क्लार्क आहे. बोनाफाईड पाहिजे असलं तर या. फुकट देतो." ही गोष्ट आम्हाला त्यांनीच सांगितली. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

मी कॉलेजात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले तेव्हा ते आधीपासून तिथे होते. राखीव जागेवर नेमणूक, पद माझंच, म्हणजे कनिष्ठ लिपिक. पण त्यांना बसवलं होतं दाराजवळच्या टेलिफोनपाशी. मराठी-इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेला, इतिहासात एम.ए. केलेला माणूस दिवसभर "कॉलेज ऑफिस, बोला" एवढंच म्हणायचा. आमचे अधीक्षक वाईट होते असं म्हणायची पद्धत नाही; सगळे त्यांना 'साहेब' म्हणायचे आणि ते सगळ्यांशी गोड बोलायचे. भाऊसाहेबांशी तर जास्तच गोड. "बिचारा येतो एवढ्या लांबून, कशाला त्याला काम लावायचं," असं पाहुण्यांना सांगायचे, आणि तेही भाऊसाहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात. जणू काही ज्याला दिसत नाही त्याला ऐकूही येत नसावं.

एक दिवस ते मला म्हणाले, "ताई, 'बिचारा' हा शब्द तुम्ही कधी माझ्यासाठी वापरू नका. बिचारा म्हटलं की पुढचं वाक्य 'बस तिथं' असतं."

मी आजवर वापरला नाही. कुणासाठीच.

माझ्याकडे परीक्षा विभाग आला आणि त्याबरोबर गुणपत्रकांची छपाई आली. ज्यांनी ते काम केलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. गुणपत्रकाचा कागद विद्यापीठाकडून येतो, जाड, रंगीत नक्षीचा, प्रत्येकावर नंबर छापलेला. तो प्रिंटरच्या मागच्या ट्रेमधून घालावा लागायचा आणि मशीनला 'जाड कागद आहे' हे सांगावं लागायचं. नाहीतर तो आत अडकून चुरगळायचा, आणि चुरगळलेल्या प्रत्येक नंबराचा खुलासा द्यावा लागायचा. गुण एक्सेलमध्ये होते. पण एक्सेलला कागद उभा की आडवा, समास किती, एवढंच कळतं. जाड कागद आणि मागचा ट्रे या गोष्टी स्क्रीनवर उघडणाऱ्या प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या खिडकीत असतात. ती खिडकी दर वेळी उघडायची, दोन-तीन ठिकाणी निवडायचं, मग छापायचं. मध्येच कुणी साधा दाखला काढला की सगळं परत पहिल्यासारखं. मी विसरायचे. बबनमामा शिपाई अडकलेला कागद ओढून काढताना म्हणायचे, "बाई, ह्यो कागूद काय मशीनला पचंना बगा." साहेब केबिनमधून गोड आवाजात विचारायचे, "आज किती वाया गेले, मॅडम?"

भाऊसाहेब टेलिफोनपाशी बसून हे रोज ऐकत होते. एका दुपारी उठून माझ्या टेबलाशी आले, माऊस उपटला आणि म्हणाले, "सरका."

स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं. ते त्यांनी आधीच पेन ड्राइव्हवर आणून ठेवलं होतं, फक्त कुणी मशीन देत नव्हतं. त्यांनी कानाला हेडफोन लावला आणि त्या प्रिंटरच्या खिडकीत शिरले. नुसत्या बटणांनी. टॅब, टॅब, खाली बाण, टॅब, एंटर. आम्हा डोळसांना त्या खिडकीत कुठे काय आहे हे बघावं लागतं. त्यांना ती एखाद्या चाळीच्या जिन्यासारखी पाठ झाली, इतक्या पायऱ्या चढायच्या, उजवीकडे वळायचं, तिसरं दार. मग ते म्हणाले, "एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिता येतो, म्हणजे एकदा लिहून ठेवलेली कामं तो आपोआप करतो. त्याचा हात ह्या खिडकीपर्यंत पोचत नाही. पण मॅक्रोला माणसाचं सोंग घेता येतं. बटण मी दाबलं की त्यानं दाबलं, मशीनला कळत नाही."

हे ते कुठून शिकले होते? इंटरनेटवरचे लेख ऐकून, रात्री घरी मुलाच्या जुन्या मशीनवर. त्यांना सगळं येत होतं असा माझा दावा नाही. पहिला प्रयोग पार फसला. प्रिंटरची खिडकी उघडायला जरा वेळ लागायचा आणि तेवढ्यात मॅक्रोने बटणं दाबून टाकली. ती खिडकीत न जाता थेट तक्त्यात पडली. एका मुलाच्या इंग्रजीच्या गुणांच्या जागी 'आर' हे अक्षर जाऊन बसलं. भाऊसाहेबांनी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या मी ऑफिसात आधी ऐकल्या नव्हत्या. मग त्यांनी मॅक्रोमध्ये थांबायच्या ओळी घातल्या, आधी फाईलची नक्कल करून घ्यायची ओळ घातली, आणि चार-पाच दिवसांनी एक दुपार अशी आली की मी एक बटण दाबलं, खिडक्या झपाझप उघडल्या, मिटल्या, आणि मागच्या ट्रेमधला जाड कागद सरळ आत जाऊन सरळ बाहेर आला. बबनमामा म्हणाले, "लई भारी काम झालं की हे."

भाऊसाहेबांनी मात्र लगेच नियम सांगितला. "मॅक्रो चालू असताना कुणी मशीनला हात लावायचा नाही. ही बटणं कुठं पडतील ते त्यांना कळत नाही. समोर जी खिडकी असेल तिच्यात पडतात. तुम्ही मध्येच दुसरी उघडली की तिच्यात पडतील. म्हणून, हात गुडघ्यावर."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात ही शिस्तच झाली. छपाई सुरू झाली की ते माझ्या मशीनशी खुर्ची ओढून बसायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "हात गुडघ्यावर," आणि मी, शेजारचे कॅशियर, कामासाठी आलेला एखादा प्राध्यापकसुद्धा, शाळेतल्या पोरांसारखे हात गुडघ्यावर ठेवून बसायचो. ते हेडफोनमधून ऐकत असायचे. खिडक्या इतक्या भराभर जायच्या की सॉफ्टवेअरला पूर्ण शब्द बोलायला वेळ मिळायचा नाही, नुसती तुटकी अक्षरं कानात पडायची. पण त्या तुटक्या अक्षरांचा एक ताल होता, आणि तो चुकला की ते लगेच सांगायचे, "थांबवा, ट्रे बदलला नाही."

त्या वर्षी एकही नंबर वाया गेला नाही. तपासणीला समिती आली तेव्हा साहेबांनी त्यांना माझ्या टेबलाशी आणून मॅक्रो दाखवला. "आमच्या ऑफिसने विकसित केलेली पद्धत" असं म्हणाले. भाऊसाहेब तेव्हा तिथे नव्हते. सकाळीच त्यांना सांगण्यात आलं होतं की आज ग्रंथालयात बसा, बाहेरची माणसं येणार आहेत, दारातच टेलिफोनपाशी बरं दिसत नाही. मी समितीला म्हटलं, हे तांबोळी भाऊसाहेबांनी केलंय, ते वर ग्रंथालयात आहेत, बोलावू का. समितीतले एक जण "हो हो, नक्की" म्हणाले आणि साहेबांनी त्यांना चहाला नेलं.

संध्याकाळी मी हे भाऊसाहेबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "ताई, चांगलं झालं. त्यांनी मला बघितलं असतं तर मॅक्रो बघितला नसता." आणि मग काठी उघडताना तिचा शेवटचा सांधा बसेना, तेव्हा ती जमिनीवर इतक्या जोरात आपटली की तिला पोचा पडला.

पुढे नवा प्रिंटर आला. वेगळ्या कंपनीचा, मोठा. भाऊसाहेबांनी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं की जुना मॅक्रो यावर चालवू नका. याची खिडकी वेगळी आहे, मी तिची ओळख करून घेतो, मग नवा करू. वर त्यांनी जुन्या मॅक्रोच्या सुरुवातीला एक पाटीही लावली. मॅक्रो सुरू केला की आधी मराठीत यायचं, 'हा मॅक्रो फक्त जुन्या प्रिंटरसाठी आहे. नव्यावर चालवू नये.' खाली ओके आणि रद्द. मला समजावून सांगताना ते म्हणाले होते, "ही बटणं आंधळी असतात, ताई. माझ्यापेक्षा आंधळी. मी निदान दारात उभं राहून विचारतो, घरात कोण हाय."

मग त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं आणि ते रजेवर गेले. तेवढ्यात तिसऱ्या वर्षाचे निकाल आले. मी साहेबांना म्हटलं, भाऊसाहेब परवा येतायत, तोवर थांबू, नाहीतर मी एकेक हाताने काढते. साहेबांना घाई होती. पालक येऊन बसले होते, संस्थेतून फोन येत होते. ते माझ्या खुर्चीत बसले, मॅक्रो सुरू केला, पाटी आली. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. साहेब म्हणाले, "मला आता तो आंधळा शिकवणार का?" आणि ओके दाबलं. पहिली खिडकी उघडून मिटली तसे ते उठले आणि चहा घ्यायला केबिनमध्ये गेले.

जुन्या खिडकीत ज्या जागी जाड कागद होता, नव्या खिडकीत त्याच जागी एका कागदावर चार पानं छापायचा पर्याय होता. बटणं इमानदारीत तिथे गेली. मशीन भराभर कागद ओढू लागलं आणि प्रत्येक नक्षीदार, नंबर टाकलेल्या कागदावर चार-चार मुलांचे निकाल मुंगीएवढ्या अक्षरात उमटू लागले. मी प्लग ओढला तोवर कितीतरी कागद गेले होते.

नवे कागद यायला वेळ लागला. विद्यापीठाला खुलासा, मग मंजुरी, मग कागद. तेवढ्यात काहींच्या भरतीच्या, काहींच्या प्रवेशाच्या तारखा गेल्या. एक मुलगी पुढच्या शिक्षणासाठी निवडली गेली होती, मूळ गुणपत्रक दाखवायचं होतं. तिची आई ऑफिसच्या खिडकीशी आली. भांडली नाही. म्हणाली, "बाई, एक कागूद तर पायजे हुता." आणि निघून गेली. कुणी माझ्यावर ओरडलं असतं तर मी ते विसरले असते. ती बाई मी विसरले नाही. तिच्या मुलीच्या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी घेतलं गेलं.

चौकशी लागली. संस्थेचे दोन पदाधिकारी आणि प्राचार्य. मी जे घडलं ते सांगितलं: साहेबांना थांबा म्हटलं, पाटी वाचून दाखवली, त्यांनी ओके दाबलं. भाऊसाहेबांना विचारलं तेव्हा ते उभे राहून बोलले. "मी रजेवर होतो. पण एक गोष्ट माझ्याकडून राहिली. प्रिंटर तोच आहे का, हे मॅक्रोनं स्वतः तपासायला पाहिजे होतं. एका ओळीचं काम होतं. मी पाटी लावली आणि माणसं वाचतील असं धरून चाललो. तेवढी चूक माझी."

अहवाल आला. त्यात माझं बोलणं कुठेच नव्हतं. साहेबांनी ओके दाबल्याचा उल्लेख नव्हता. भाऊसाहेबांचं एकच वाक्य घेतलं होतं, शेवटचं. वर लिहिलं होतं, 'अंध कर्मचाऱ्याने तयार केलेल्या सदोष प्रोग्राममुळे नुकसान झाले.' मी तो अहवाल त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचला. म्हणाले, "नुसतं 'कर्मचाऱ्याने' लिहिलं असतं तर मी सही केली असती."

खरं बोलणारा माणूस आपली चूक मोजून, वेगळी काढून समोर ठेवतो, आणि समोरचे तेवढीच उचलतात. हे तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

त्यांना तोंडी सांगण्यात आलं की यापुढे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, टेलिफोनवर बसा. भाऊसाहेब म्हणाले, "आंधळा असल्यामुळे कॉम्प्युटरला हात लावू नये, असं लेखी द्या." लेखी कोण देणार? साहेब म्हणाले, "कशाला कागदोपत्री करता भाऊसाहेब, आपण घरच्यासारखे आहोत."

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले, टेलिफोनच्या टेबलापाशी गेले आणि खुर्चीवर बसले नाहीत. उभे राहिले. फोन वाजला की उचलायचे, "कॉलेज ऑफिस, बोला," निरोप द्यायचे, फोन ठेवायचे, आणि उभेच. डबासुद्धा उभ्यानेच खाल्ला. साहेब बाहेर आले. "बसा की हो. हा काय प्रकार?"

"ही खुर्ची टेलिफोन ऑपरेटरची आहे. माझी नेमणूक कनिष्ठ लिपिकाची. माझी खुर्ची आली की बसतो."

"अहो, पाय दुखतील."

"पाय माझेच दुखतील. ते शाबूत आहेत."

आठवडे गेले. ते रोज उभे. पोरं दाखल्यासाठी यायची आणि विचारायची, हे सर उभे का असतात? कॅशियर मान खाली घालायचे. बबनमामा चहा घेऊन जायचे आणि आपला कप घेऊन त्यांच्याशेजारी उभ्याने प्यायचे. एकदा साहेबांनी त्यांना हाक मारली तर म्हणाले, "आलो, भाऊसायबाचा चहा हुं द्या." मला ते सगळं बघवायचं नाही. मी भाऊसाहेबांना म्हटलं, नका करू असं, तब्येतीवर जाईल. ते माझ्यावरच उखडले. "तुम्हाला बघायला त्रास होतोय. तो व्हायलाच पाहिजे. त्यासाठीच उभा हाय मी."

मधल्या काळात त्यांनी पुण्याच्या वरच्या कार्यालयात तक्रार केली होती. घरच्या मशीनवर स्वतः टाईप करून. काही महिन्यांनी तिकडून कॉलेजला पत्र आलं की या कर्मचाऱ्याला पदाप्रमाणे काम आणि त्याला लागणारी साधनं द्यावीत. प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. मी कागद घेऊन तिथेच होते. प्राचार्य म्हणाले, "भाऊसाहेब, थोडा गैरसमज झाला."

"गैरसमज नाही, साहेब. समजच होता. तो चुकीचा होता."

त्यांना परीक्षा विभागात टेबल मिळालं, मशीन मिळालं. पहिल्याच दिवशी माऊस ड्रॉवरमध्ये गेला. आठवड्याभरात त्यांनी नव्या प्रिंटरचा मॅक्रो केला, आणि त्याची पहिलीच ओळ प्रिंटरचं नाव विचारणारी होती. दुसरा प्रिंटर दिसला तर तो एकही बटण न दाबता बंद व्हायचा. ती ओळ त्यांनी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. मला वाटलं आता खुश असतील. ते म्हणाले, "ती पोरगी यंदा कुठं असेल हो?"

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती एवढ्या रागाने लिहिली नसती. पण पुढे सगळं ऑनलाईन झालं. गुण पोर्टलवर भरायचे, दाखले पोर्टलवरून, छपाईसुद्धा तिकडूनच. एक्सेल गेलं, मॅक्रो गेला. ते पोर्टल भाऊसाहेबांच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नव्हतं; बटणांना नावंच दिलेली नव्हती, कानात नुसतं 'बटण, बटण, बटण' ऐकू यायचं. तेही त्यांनी मोजून पाठ केलं असतं. पण आत शिरायच्या आधी दर वेळी एक चित्र यायचं, वेडीवाकडी अक्षरं, आणि खाली प्रश्न की तुम्ही माणूस आहात याची खात्री करा. ती अक्षरं ओळखून टाईप केली तरच दार उघडायचं. ऐकवायची सोय नव्हती. त्यांनी पोर्टलवाल्यांना मेल केले, फोन केले. उत्तर आलं की सूचना नोंदवली आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळी बटणं दाबून बघितली. मग मला हाक मारली. आयुष्यात त्यांनी माझी मदत मागितली ती तेव्हा. "ताई, इकडं या. जरा मला माणूस करून जा."

मी गेले आणि अक्षरं भरली. काही मिनिटांनी पोर्टलने आपोआप बाहेर काढलं आणि परत चित्र आलं. परत हाक. दिवसातून कितीतरी वेळा. ते दर वेळी तेच वाक्य म्हणायचे, आवाजात कुठलीही चेष्टा नसायची. ज्या माणसाने मशीनला माणसाचं सोंग घ्यायला शिकवलं, त्याच्याकडे मशीन माणूस असल्याचा पुरावा मागत होतं, आणि तो पुरावा फक्त डोळ्यांनी देता येत होता. हे ज्याने कुणी बनवलं तो दुष्ट नसेल. त्याच्या डोक्यात तांबोळी भाऊसाहेब आलेच नसतील. मला दुष्टपणापेक्षा याचाच जास्त राग येतो.

शेवटच्या वर्षांत ते फार बोलेनासे झाले. वरिष्ठ लिपिक झाले होते, काम मात्र जावक टपालाचं. निवृत्तीचा सत्कार त्यांनी घेतला नाही. साहेब आधीच निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्यांनी खूप आग्रह केला. भाऊसाहेब म्हणाले, "शाल राहू द्या. पुढचा आंधळा येईल त्याला आल्या दिवशी मशीन द्या." मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले. गाडी आली, कंडक्टर पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवू लागला. भाऊसाहेब म्हणाले, "उठवू नका त्याला. मागं जागा हाय, मला ऐकू येतंय." आणि दांड्या धरत मागे गेले. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले. कशाला, कोण जाणे.

त्यानंतर आम्ही फोनवर बोलायचो. ते निवृत्तीनंतर आंधळ्या मुलांना एक्सेल शिकवत होते, घरीच, आणि त्यांनाही ओरडायचे. फोनवर मागून ऐकू यायचं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला की अब्बा गेले. मी नगरला जाऊन आले.

कॉलेजात शोकसभा ठरली. सकाळी मी आले तर नोटीस बोर्डावर कागद लागला होता. 'अंध असूनही त्यांनी कॉलेजची प्रदीर्घ सेवा केली.' मी काच सरकवली, पर्समधून पेन काढलं आणि 'अंध असूनही' हे शब्द आडवी रेघ मारून खोडले. रेघ एकदा मारून समाधान झालं नाही. शाई पसरून कागद फाटेपर्यंत मारली.

नवे अधीक्षक तरुण आहेत, सभ्य आहेत. धावत आले. "मॅडम, हे तुम्ही केलं?"

"हो."

"पण त्यात वाईट काय लिहिलंय? कौतुकच आहे."

"दुसरी नोटीस काढा. ते परीक्षा विभागात होते. आपली गुणपत्रकांची छपाई त्यांनी बसवली. ते लिहा."

"आणि ते अंध होते, ते नाही लिहायचं?"

"ठेंगणेही होते," मी म्हटलं. "लिहायचं का?"

माझा आवाज चढला होता. व्हरांड्यातली मुलं थांबून बघत होती. नोकरीला लागले तेव्हा मी ऑफिसात कुणाशी वर मान करून बोलत नव्हते. आई म्हणायची, हिच्या तोंडात जीभ आहे की नाही. अधीक्षक आत गेले आणि टाईप करू लागले. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले, एकेक शब्द वाचत.